बेपत्ता इसम समक्ष हजर असल्याबाबत

माझे पूर्ण नाव व वडिलांचे नाव वरच्या छापील रकान्यांत भरले आहे. वय तेवीस वर्षे. शिक्षण नववीपर्यंत, नववी नापास. धंदा: डोंगरातल्या संरक्षित क्षेत्रात फिरायला जाणाऱ्या पाहुण्यांचे परवाने काढून देणे, मामांच्या दुकानात नोकरी. राहणार बसस्थानकामागच्या गल्लीत, दुकानाच्या मागच्या खोल्यांत, थोरला भाऊ आणि वहिनी यांच्यासोबत. बाजारात मला 'जोडीदार' म्हणतात. त्याचे कारण पुढे लिहिले आहे.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून स्वतःच्या हाताने लिहून देतो की, काल दुपारपासून खिंडीच्या अलीकडे ज्या बेपत्ता माणसाचा शोध चालू आहे, तो मी आहे. मी बेपत्ता नाही. मी वर गेलोच नव्हतो. ठाण्याचे लेखनिक बंदोबस्तावर गेले आहेत आणि अंमलदार साहेबांच्या उजव्या हाताला प्लास्टर आहे, म्हणून साहेबांनी कागद माझ्यापुढे ठेवला व म्हणाले, "तुम्ही रोज अर्जच लिहिता ना, मग हाही लिहा. फक्त खरं लिहा." त्याप्रमाणे लिहीत आहे.

संरक्षित क्षेत्रात एकट्या माणसाला परवाना मिळत नाही. अर्जावर निदान दोघांची नावे लागतात, दोघांचा आपसातला संबंध लागतो आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती लागतात. एकटा माणूस वर पडला, तर खाली येऊन सांगायला कोणी नसते, म्हणून हा नियम आहे. नियम चांगला आहे. परंतु एकटे जाऊ इच्छिणारे पाहुणे पुष्कळ येतात. त्यांना परत पाठवले, तर ते पलीकडच्या दुकानात जातात आणि तिथे त्यांचे काम होते. म्हणून आमच्याकडे जोडी लावण्याची पद्धत आहे. म्हणजे अर्जावर दुसरे नाव माझे लिहायचे. पाहुणा एकटा वर जातो, मी दुकानात असतो. खिंडीपलीकडच्या नाक्यावर पाहुणा बाहेर पडला, की तिथला जुना नाकेदार दोन्ही नावांवर काट मारत असे. त्याला सगळे ठाऊक होते. वनखात्याच्या खिडकीवरच्या कारकुनालाही ठाऊक आहे. तो माझा अर्ज घेताना म्हणतो, "काय जोडीदार, या आठवड्यात कोणाचे कोण?"

कागदावर मी पुष्कळांचा पुतण्या, मेहुणा आणि मित्र झालो आहे. एकदा एका गृहस्थांचा जावई होतो. प्रत्यक्षात मी आज सकाळपर्यंत नाक्याच्या पहिल्या कमानीपुढे कधी गेलो नव्हतो. मला उंचावर चक्कर येते. वनखात्याच्या कार्यालयाचा जिना चढतानाही मी कठडा धरतो. हे माझ्या घरच्यांना माहीत आहे.

या वेळच्या पाहुण्या म्हणजे एक निवृत्त परिचारिका, वय साठीच्या आसपास. दुकानात आल्या तेव्हा त्यांच्याजवळ सगळे सामान स्वतःचे होते, तंबूसुद्धा. तंबू दोघांचा होता. मामांनी विचारले, "ताई, एकट्या जाणार, मग एवढा मोठा तंबू कशाला वाहायचा? आमच्याकडे लहान आहे, भाड्याने घ्या." त्या म्हणाल्या, "हाच न्यायचा आहे." मामांनी पुन्हा विचारले नाही. नियम सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "बरोबर कोणी नको. आयुष्यभर माणसांतच राहिले, आता चार दिवस कोणी बोलायला नको." मामांनी माझ्याकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "हा तुमचा भाचा. अजिबात बोलत नाही. वर तर मुळीच नाही." त्या थोड्या हसल्या. मी संबंधाच्या रकान्यात 'मावशी-भाचा' असे लिहिले.

जाताना मामांनी त्यांना नेहमीप्रमाणे सांगितले की, पलीकडच्या नाक्यावर कोणी विचारले, तर भाचा मागून येतोय म्हणायचे. कोणी विचारणार नाही, पण विचारलेच तर. हे मामा सगळ्यांना सांगतात.

जुना नाकेदार मागच्या महिन्यात निवृत्त झाला. त्याच्या जागी नवा मुलगा आला आहे. मामांनी त्याला जाऊन भेटायचे होते. मामा म्हणतात, मी भेटायचे होते. आम्ही दोघेही भेटलो नाही. नव्या नाकेदाराचा यात काही दोष नाही असे माझे म्हणणे आहे. परवान्यावर दोघे होते, परवा बाहेर एक आली. त्याने विचारले. त्या म्हणाल्या, मागून येतोय. त्याने त्यांना चहा दिला, गाडीत बसवून दिले आणि स्वतः कमानीखाली थांबून राहिला. अंधार पडेपर्यंत कोणी आले नाही आणि खिंडीत ढग उतरलेले त्याला दिसले. तेव्हा त्याने वनखात्याला कळवले. त्याने नियमाप्रमाणे केले. परिचारिका बाई पुढच्या प्रवासाला गेल्या आहेत आणि त्यांचा फोन लागत नाही.

त्या वेळी मी जिल्ह्याच्या ठिकाणी होतो. दुसऱ्या एका मोठ्या गटाच्या परवान्यावर तिथल्या साहेबांची सही हवी होती. साहेब रजेवर होते. शिपाई म्हणाला, उद्या येतील. उद्या आले नाहीत. रांगेतला नंबर जाऊ नये म्हणून मी कार्यालयाच्या व्हरांड्यातच झोपलो, दुसऱ्या रात्रीही. माझा मोबाईल माझ्याजवळ नव्हता. तो दुकानात असतो, कारण गिऱ्हाइकांचे फोन त्यावर येतात.

इथे घरातली एक गोष्ट लिहिणे भाग आहे. अंमलदार साहेब म्हणाले की, मला शोधायला वर गेलेला भाऊ परत येण्याचा निरोप का ऐकत नाही याचे कारण जबाबात आले पाहिजे.

माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही आणि सगळा बाजार दादा म्हणतो, तो वाटाड्या आहे आणि शोधपथकातही असतो. वर काही घडले, की पहिल्यांदा त्यालाच बोलावतात. मी जिल्ह्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही जेवत होतो. दादा वहिनींना म्हणाला, "ह्याने वर्षभरात खिंड किती वेळा ओलांडली असेल, सांग. माझ्यापेक्षा जास्त. आणि बूट बघ, दुकानातून आणल्यासारखे कोरे." वहिनी हसल्या. दादा तसा रोजच काहीतरी बोलतो, त्यात वाईट काही नसते. परंतु त्या दिवशी माझे दोन अर्ज परत आले होते. मी म्हणालो, "या खेपेला जाऊनच येतो. मग बोल." दादा म्हणाला, "जा की. वरून हाक मार, मी खालून ओ देतो." मी ताटावरून उठलो. पहाटे निघताना कोणाला उठवले नाही. व्हरांड्यात थंडी असते म्हणून दादाचा जाड कोट खुंटीवरून घेतला. विचारून घ्यायला हवा होता.

आज सकाळी पहिल्या गाडीने मी परत आलो. सही मिळाली नाही. बसस्थानकावर दोघेतिघे डोंगराकडे बघत उभे होते. खिंड दिसत नव्हती, नुसते पांढरे होते. चहावाला मला बघून म्हणाला, "अरे, तू?" आणि हातातली किटली खाली ठेवली. मला वाटले, दोन दिवसांची दाढी वाढली आहे म्हणून.

घराचे दार उघडे होते. वहिनी उंबऱ्याच्या आत जमिनीवर बसलेल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितले. मग म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही इथे कसे?"

मी म्हणालो, "साहेब रजेवर होते."

त्या उठल्या आणि माझ्या अंगावरच्या कोटाची बाही हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. नंतर त्यांनी सांगितले ते असे. काल दुपारी वनखात्याचा माणूस निरोप घेऊन आला. बेपत्ता माणसाचे नाव सांगितले. दादा आधी हसला. म्हणाला, "कागदावरचाच हरवला असेल. मामांना म्हणावं, शोधा आता कपाटात." वहिनीही हसल्या. मग दादाने टोपी घ्यायला खुंटीकडे हात नेला आणि कोट तिथे नव्हता. त्याने वहिनींना विचारले. त्यांनी घेतलेला नव्हता. दादाने मामांच्या दुकानात जाऊन विचारले, तो कुठे आहे. मामा म्हणाले, जिल्ह्याला गेलाय. दादा म्हणाला, "मामा, खरं सांगा." मामा म्हणाले, "खरंच सांगतोय." दादा म्हणाला, "तुम्ही नाक्यावरही रोज असंच सांगता." आणि तो निघाला. त्याच्याबरोबर पथकातले आणखी तिघे आहेत. वहिनींनी सांगितले की जाताना तो एवढेच म्हणाला, "मीच म्हटलं त्याला, जा म्हणून."

मी कोट काढून खुंटीला लावला. वहिनी म्हणाल्या, "आता लावून काय करता? जा, सांगा कुणाला तरी." मी तसाच मामांकडे गेलो.

मामा दुकानात अर्धे शटर ओढून बसले होते. मला बघून ते आधी खूश झाले, नंतर त्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "आलास ते बरं झालं, पण तू इथे दिसायला नको होतास."

मी म्हणालो, "मामा, दादा वर आहे. बर्फ पडतंय."

"माहीत आहे मला. पण तू जाऊन सांगितलंस, की मी गेलोच नव्हतो, तर आपला परवाना गेला. दुकान गेलं. तुझ्यावर खटला, माझ्यावर खटला. नीट ऐक. आपली जीप तुला कमानीच्या पुढे, जुन्या गोठ्यापर्यंत सोडेल. तिथून थोडंच वर. पथकाचा निवारा दिसायला लागला की बस एखाद्या दगडापाशी. ते येतील. वर जा आणि सापड."

मी म्हणालो, "मला वर जाता येत नाही."

मामा म्हणाले, "अरे, चालायचं थोडंच आहे. सापडायचं आहे."

मी मामांविरुद्ध तक्रार म्हणून हे लिहीत नाही. मामांनी मला नववीनंतर कामाला ठेवले, तेव्हा दुसरे कोणी ठेवत नव्हते. ते घाबरलेले होते. मीही त्यांचे ऐकून जीपमध्ये बसलो. गोठ्यापर्यंत गेलो. चालकाने विचारले, "उतरतोस ना?" मी उतरलो आणि थोडा चाललो. पुढे वाट कड्याच्या बाजूने जाते. खाली काही दिसत नव्हते, तरी खाली आहे हे कळत होते. मी तिथे बसलो. दादाला दोन-तीन हाका मारल्या. वाऱ्यात त्या मलाच ऐकू आल्या नाहीत. मग हातापायांवर मागे आलो. चालकाने हीटर लावला आणि मला परत आणले. हे लिहायची गरज नसेल, तर साहेबांनी खोडावे.

त्यानंतर मी वनखात्याच्या खिडकीवर गेलो. कारकुनाला म्हणालो, शोध थांबवा, दुसरे नाव माझे आहे आणि मी इथे आहे. तो म्हणाला, "ते दिसतंय मला. पण शोध बंदचा आदेश काढायला पोलिसांचं पत्र लागतं. तुला डोळ्यांनी बघून आदेश निघत नाही." मी म्हणालो, तुम्हाला सगळे ठाऊक आहे ना. तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "मला काय ठाऊक आहे? मला काही ठाऊक नाही." आणि त्याने खिडकी लावून घेतली. आतून पुन्हा थोडी उघडली आणि म्हणाला, "पळत जा."

ठाण्यात आल्यावर अंमलदार साहेबांनी बेपत्ताची नोंद काढून वर्णन वाचले. उंची मध्यम, बांधा सडपातळ, डाव्या भुवईवर व्रण. त्यांनी माझ्याकडे बघितले. म्हणाले, "आहात खरे तसे. पण बेपत्ता इसमाने स्वतःच यायचं, असं आजवर झालेलं नाही. ओळखपत्र?"

ओळखपत्र दुकानातल्या कपाटात होते. कपाटाची किल्ली मामांकडे आणि मामा दुकान बंद करून कुठे गेले ते कळले नाही. साहेब म्हणाले, "मग नातेवाईक आणा." शिपाई जाऊन वहिनींना घेऊन आला. साहेबांनी विचारले, "हे कोण?" वहिनी म्हणाल्या, "हे माझे दीर." साहेब म्हणाले, "नक्की?" वहिनी म्हणाल्या, "साहेब, ह्यांना मी रोज दोन वेळा वाढते." साहेबांनी तसे नोंदवून घेतले. आज ताट वाढलेले नाही हे त्या बोलल्या नाहीत.

वरच्या निवाऱ्यात वायरलेस आहे. बॅटरी वाचावी म्हणून तो ठरलेल्या वेळीच चालू करतात. सकाळच्या वेळेला मामांनी वनखात्यामार्फत एक निरोप पाठवला होता, की वर कोणी नाही, परत या. त्यावर निवाऱ्यातल्या माणसाने कळवले की, दादा म्हणतो, निरोप मामांचा आहे ना, मग कळला. तो निवाऱ्याच्या वरची घळ बघायला निघाला आहे. तिघे नको म्हणत होते, पण त्याला एकट्याला जाऊ देत नाहीत म्हणून तेही निघाले. घळीत बर्फ सुटून कोसळते हे सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत आहे, कारण परवान्याच्या मागे छापलेल्या सूचनांत ते आहे.

साहेब म्हणाले, दुपारच्या वेळेला तुम्ही स्वतः बोला, तोवर जबाब लिहायला घ्या. इथपर्यंतचा जबाब त्या वेळात लिहिला आहे. मध्ये एकदा साहेबांनी विचारले, "अक्षर एवढं सावकाश का काढता?" मी म्हणालो, घाईत लिहिले की परत येतो. साहेब म्हणाले, "हा परत येणार नाही. लिहा."

दुपारी वायरलेस लागला. सुरुवातीला नुसती खरखर होती. निवाऱ्यातल्या माणसाने सांगितले की चौघे घळीच्या तोंडापर्यंत जाऊन ढग हटून दिसू लागावे म्हणून माघारी आले आहेत आणि पुन्हा निघायच्या तयारीत आहेत. साहेब म्हणाले, दादाला द्या. दादा म्हणाला, "साहेब, वेळ घालवू नका. अजून थोडा वेळच दिसेल." साहेबांनी वायरलेसचा माईक माझ्या हातात दिला आणि बटण कुठले ते दाखवले.

आमचे बोलणे खालीलप्रमाणे झाले. साहेब आणि वहिनी समोर होते.

मी म्हणालो, "दादा, मी बोलतोय."

तिकडून काही आले नाही. साहेब म्हणाले, बटण सोडा, नाहीतर त्यांचं ऐकू कसं येईल. मी बटण सोडले.

दादा म्हणाला, "कोण मी?"

"मी. ठाण्यातून."

खरखर झाली. दादा म्हणाला, "पुन्हा बोल."

"मी बोलतोय, दादा. मी जिल्ह्याला होतो. साहेब रजेवर होते, म्हणून उशीर झाला."

मी बटण सोडले. मला वाटले, बॅटरी गेली. वहिनी बाकावरून उठून टेबलापाशी आल्या. साहेबांनी घड्याळाकडे बघितले नाही.

मग दादा म्हणाला, "कुठे लागलंय का?"

मी म्हणालो, "नाही."

"हातपाय गार पडलेत?"

"नाही."

"चक्कर येतेय?"

"आता नाही."

"काही खाल्लंयस?"

मी म्हणालो, "नाही." वहिनींनी मान दुसरीकडे केली.

दादा म्हणाला, "बरं. आहेस तिथेच बस. कुठे जाऊ नकोस. मी येतो."

मी म्हणालो, "दादा, मी ठाण्यात आहे. घर इथून जवळ आहे."

दादा म्हणाला, "कळलं. हलू नकोस. मी येतो."

नंतर त्याने माईक निवाऱ्यातल्या माणसाला दिला. त्या माणसाने सांगितले की चौघांनी दोर गुंडाळायला घेतले आहेत आणि ते खाली निघत आहेत. तो असेही म्हणाला की दादा भिंतीकडे तोंड करून बसला आहे, उठला की निघतील. साहेब म्हणाले, घाई नाही म्हणावं, सांभाळून या.

वर सापडलेल्या माणसाला शोधपथकातले लोक आधी हेच चार प्रश्न विचारतात आणि शेवटी हेच सांगतात, असे साहेबांनी मला नंतर सांगितले. मला ते ठाऊक नव्हते.

साहेबांनी शोध बंद करण्याविषयी वनखात्याला पत्र पाठवले आहे. खोट्या जोडीबद्दल दुकानावर व माझ्यावर काय कारवाई होईल ते वेगळे कळवू, असे ते म्हणाले. मी हरकत घेतलेली नाही. या खेपेप्रमाणे आधी किती वेळा माझे नाव लावले, ते विचारल्यास मी आठवेल तेवढे सांगीन. जीपचालकाचा व नव्या नाकेदाराचा यात संबंध नाही. परिचारिका बाईंना त्रास देऊ नये, त्यांना आम्हीच तसे सांगायला शिकवले होते.

वहिनी चूल पेटवायला घरी गेल्या आहेत. चौघांनाही जेवायला बोलावले आहे असा निरोप त्यांनी साहेबांजवळ ठेवला. मलाही घरी जायला साहेबांची परवानगी आहे, तसे त्यांनी दोनदा सांगितले.

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, साहेबांनी तो माझ्याकडूनच मोठ्याने वाचून घेतला, आणि घडले तसाच तो आहे. त्याखाली ठाण्यातल्या बाकावर बसूनच सही करत आहे, कारण मला इथून हलू नको असे सांगितले आहे.